घरात सहा फोन, फोटो मात्र सापडत नाहीत: क्लाउड खाती कशी लावावीत आणि फोटो कसे वाटून घ्यावेत

मीटरगेज

हा विषय वेगवेगळ्या धाग्यांत तुकड्यातुकड्याने येतो, म्हणून एकत्र लिहितोय. घरात चार अँड्रॉइड, एखादा आयफोन, एक लॅपटॉप, एक टीव्ही, आणि मुंजीचे फोटो नक्की कुणाकडे आहेत हे कुणालाच ठाऊक नाही, अशी घरं सर्रास दिसतात. खोदत गेलं की बहुतेक वेळा कारण एकच निघतं: आईबाबांचा नवा फोन लावून देताना मुलाने किंवा सुनेने घाईत स्वतःचंच जीमेल खातं टाकलेलं असतं.

मग आईच्या फोनमधले फोटो मुलाच्या गूगल फोटोजमध्ये जातात. दूधवाल्याचा, गॅसवाल्याचा नंबर मुलाच्या फोनवर उमटतो. मुलगा जागा करायला म्हणून नको ते फोटो पुसतो आणि ते आईच्या फोनवरूनही जातात. त्यामुळे पहिला नियम: माणशी एक खातं. जागा वाटून घ्या, अल्बम वाटून घ्या, पासवर्ड वाटू नका.

गूगलच्या प्रत्येक खात्याला 15 जीबी फुकट मिळतात आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटोज असं सगळं आलं. 1 जून 2021 पूर्वी 'हाय क्वालिटी'त चढवलेले फोटो या हिशेबात धरत नाहीत, त्यानंतरचे धरतात. पुरत नसेल तर घरातल्या एकाने गूगल वनची (जास्तीची जागा विकत देणारी) योजना घ्यायची आणि फॅमिली ग्रुप करायचा. ग्रुपचा मॅनेजर एक आणि सदस्य पाच, म्हणजे एकूण सहा जण. प्रत्येकाचे स्वतःचे 15 जीबी आधी वापरले जातात, ते भरले की सामायिक जागा सुरू होते. कुणाचे फोटो किंवा मेल दुसऱ्याला दिसत नाहीत. कुणी किती जागा खाल्ली एवढंच मॅनेजरला दिसतं. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवा, निम्मा विरोध तिथेच मावळतो.

आता मुलाचं खातं आईच्या फोनवर आधीच असेल तर सोडवायचं कसं? इथे क्रम चुकला की फोटो जातात, म्हणून सावकाश वाचा.

1. आईच्या नावाचं नवं खातं काढा, तिच्याच मोबाइल नंबरवर. ते फोनमध्ये जोडा. मुलाचं खातं अजून काढू नका.
2. गूगल फोटोज उघडून उजवीकडे वर गोल चित्रावर टिचकी मारा. मुलाच्या खात्यावरचा बॅकअप बंद करा, आईच्या खात्यावर जा, तिथे बॅकअप चालू करा.
3. मुलाच्या खात्यात आईचे जे जुने फोटो आहेत त्यांचा एक शेअर्ड अल्बम करून आईच्या खात्याला पाठवा. एका अल्बममध्ये 20,000 पर्यंत मावतात. आईच्या खात्यातून अल्बम उघडून फोटो 'सेव्ह' करा. नुसता अल्बम दिसतोय म्हणजे फोटो आईचे झाले असं नाही. सेव्ह करेपर्यंत ते मुलाच्याच खात्यात असतात. आईच्या खात्याची वापरलेली जागा वाढली का ते बघा, खात्री तिथेच पटते.
4. आता आईच्या फोनवरून मुलाचं खातं काढा. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स'मध्ये जाऊन.
5. त्यानंतरच मुलाने स्वतःच्या खात्यातून आईचे फोटो पुसायचे.

चौथी आणि पाचवी पायरी उलटी केली तर मुलाने पुसलेले फोटो आईच्या फोनमधूनही उडतात, कारण फोन अजून त्याच खात्याशी जुळलेला असतो. बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतात, तेवढीच काय ती सवलत.

नंबरांचं वेगळं. गूगल कॉन्टॅक्ट्समधून आईचे नंबर निवडून फाइल काढा, आईच्या खात्यात भरा, मग मुलाच्या खात्यातून काढा. काही गडबड झालीच तर तिथे 'अनडू चेंजेस' आहे, 30 दिवस मागे जाता येतं.

रानजाई

धाग्याबद्दल आभार, वाचनखूण साठवली आहे. एक शंका. आई सांगलीला, भाऊ पुण्यात, मी न्यू जर्सीत. माझ्याकडे गूगल वनची मोठी योजना आहे. आई आणि भावाला माझ्या ग्रुपमध्ये घेता येईल का?

मीटरगेज

रानजाई, नाही. फॅमिली ग्रुपमधले सगळे जण एकाच देशात असावे लागतात. तुमचं खातं अमेरिकेचं, त्यांची भारताची. 'देश बदलून बघू' या फंदात पडू नका. त्यात पेमेंट प्रोफाइल बदलतं, आणि एका ग्रुपमधून दुसऱ्यात जायची मुभा 12 महिन्यांतून एकदाच असते.

तुमच्यासाठी सरळ रस्ता असा: पुण्याचा भाऊ भारतातली योजना घेईल आणि आईला त्याच्या ग्रुपमध्ये घेईल, तुमची योजना तुमच्याकडे. फोटो दाखवायला ग्रुप लागतच नाही. शेअर्ड अल्बम कुठल्याही देशातल्या खात्याला चालतो. त्यात चेहरे निवडून 'ऑटो-अ‍ॅड' लावता येतं. म्हणजे तुमच्या मुलांचे चेहरे निवडले की त्यांचा नवा फोटो काढल्यावर तो आपोआप आजीच्या अल्बममध्ये जातो. आजीने काहीच दाबायचं नाही. जागाही तुमची जाते, आजीची नाही.

नवराबायकोसाठी 'पार्टनर शेअरिंग' अधिक सोयीचं. सगळे फोटो, किंवा ठराविक चेहऱ्यांचेच, किंवा अमुक तारखेपासूनचे, असं निवडता येतं. तारीख जरूर घाला.

एक मात्र. अल्बमची लिंक कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ज्याच्या हातात लिंक पडते तो अल्बम बघू शकतो, आणि कौटुंबिक ग्रुपवरचं पुढे कुठे कुठे जातं ते आपण जाणतोच. लिंक शेअरिंग बंद ठेवून थेट माणसांची खाती जोडा.

चिंचगूळ

आयफोनवाल्यांसाठी भर घालते, कारण तिथलं गणित निराळं आहे.

आयक्लाउडचे फुकट 5 जीबी म्हणजे जवळपास काहीच नाही. आयफोनवर 4के, सेकंदाला 60 फ्रेम्सने व्हिडिओ काढला तर मिनिटाला सुमारे 400 एमबी जातात. 4के 30 ला सुमारे 170, 1080पी 30 ला सुमारे 60. स्नेहसंमेलनातला नाच 1080पीमध्ये छान दिसतो. आधी कॅमेऱ्याची ही सेटिंग बदला, मग जागा विकत घ्या.

फॅमिली शेअरिंगमध्ये इथेही एकूण सहा जण. पण दोन गोष्टींची लोक हमखास गल्लत करतात.

'शेअर्ड अल्बम' हा दाखवण्यापुरता. त्यात फोटोची लांब बाजू 2048 पिक्सेलवर आणली जाते, व्हिडिओ 720पी होतो. अल्बमला 5,000 फोटोंची मर्यादा आहे. आयक्लाउडची जागा खात नाही, पण मूळ फोटो म्हणून यावर विसंबू नका. लग्नाच्या अल्बमची छपाई करायला इथले फोटो घेतले तर मोठ्या पानावर फरक उघड दिसतो.

'शेअर्ड फोटो लायब्ररी' आयओएस 16.1 बरोबर 2022 साली आली. यात मूळ फोटो मूळ दर्जातच राहतात. जो सुरू करतो त्याच्यासह सहा जण, आणि जागा सगळी सुरू करणाऱ्याची जाते. कुणीही फोटोत बदल करू शकतो, कुणीही काढून टाकू शकतो. मात्र कायमचा पुसणं किंवा परत आणणं ज्याने तो टाकला त्यालाच जमतं. एका माणसाला एकाच शेअर्ड लायब्ररीत राहता येतं. त्यामुळे माहेरची एक आणि सासरची एक असं करता येणार नाही, ते आधी ठरवा. अँड्रॉइडवाल्याला यात प्रवेश नाही.

घरात दोन्ही जातीचे फोन असतील तर गूगल फोटोज हेच समान ठिकाण. आयफोनवर ते अ‍ॅप टाका, पण त्यातलं 'फ्री अप स्पेस' दाबू नका. आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असताना ते दाबलं तर फोनच्या लायब्ररीतून फोटो जातात, आणि लायब्ररी आयक्लाउडशी जुळलेली असल्यामुळे आयक्लाउडमधूनही, आयपॅडवरूनही. 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये 30 दिवस मिळतात. अँड्रॉइडवर हेच बटण निर्धोक आहे, ते फक्त फोनमधली प्रत काढतं. त्या सवयीने आयफोनवर बोट जातं आणि घात होतो.

आयफोनची जागा मोकळी करायची असेल तर सेटिंग्जमध्ये फोटोजखाली 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' लावा. लहान प्रत फोनवर राहते, मूळ आयक्लाउडवर.

खडीसाखर

बाबांच्या अँड्रॉइडवर 'बॅकअप कम्प्लीट' असं दाखवतंय, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले नातवाचे फोटो गूगल फोटोजमध्ये नाहीत. शिवाय 15 जीबी भरल्याचा निरोप येतोय. मोजून हजारभर फोटो असतील. जागा खाल्ली कुणी?

आडवाट

दोन वेगळे प्रश्न आहेत.

पहिला: गूगल फोटोज आपणहून फक्त कॅमेऱ्याचा फोल्डर चढवतं. व्हॉट्सअ‍ॅपचा वेगळा सांगावा लागतो. फोटोज, गोल चित्र, फोटोज सेटिंग्ज, बॅकअप, आणि तिथे 'बॅकअप डिव्हाइस फोल्डर्स'. त्यात 'व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस' दिसेल. पण ते चालू करण्याआधी थांबा. गुड मॉर्निंगचे गुलाब, कुणाची तरी पत्रिका, बातम्यांची कात्रणं हे सगळं त्याच फोल्डरमध्ये असतं आणि तेही चढेल. माझं स्पष्ट मत: व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर बंदच ठेवा, आणि नातवाचे फोटो मुलाने अल्बममधून पाठवावेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो आकसलेला असतो आणि त्यातली मूळ तारीख व ठिकाण गळून गेलेलं असतं. त्यामुळे 2019 सालचा फोटो आज आला तर आजच्या तारखेखाली बसतो. व्हॉट्सअ‍ॅपनेच पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तो जसाच्या तसा पोचतो. फाइल 2 जीबीपर्यंत चालते.

दुसरा: तुमचे 15 जीबी बहुधा व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट बॅकअपने खाल्लेत. पूर्वी अँड्रॉइडचा हा बॅकअप गूगलच्या हिशेबात धरला जात नसे, आता धरतात. व्हॉट्सअ‍ॅप, सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, इथे बॅकअपचा आकार लिहिलेला असतो. खाली 'इन्क्लूड व्हिडिओज' बंद करा आणि पुन्हा बॅकअप घ्या. बऱ्याच फोनवर एवढ्यानेच काही जीबी परत मिळतात.

हे टाळू नका. जागा भरली की फोटो थांबतात ते थांबतातच, पण जीमेलही येणं बंद होतं. पाठवणाऱ्याला मेल परत जाते आणि बाबांना पत्ताच नसतो. बँकेचं, विम्याचं पत्र असं हुकतं.

आणि आता 'बॅकअप कम्प्लीट'बद्दल. शाओमी, ओप्पो, विवो, रिअलमी यांच्या फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेली अ‍ॅप्स बंद पाडतात. फोटोजच्या अ‍ॅप इन्फोमध्ये बॅटरी 'नो रिस्ट्रिक्शन्स' करा आणि 'ऑटोस्टार्ट' दिसत असेल तर चालू करा. नाहीतर अ‍ॅप उघडल्यावरच फोटो चढतात, आणि बाबा ते उघडतच नाहीत.

पहिल्या बॅकअपचा वेळही धरून चाला. 100 जीबी चढवायला 40 एमबीपीएस अपलोड असेल तर साडेपाच तास, 5 एमबीपीएस असेल तर 44 तास. रोजच्या 2 जीबी मोबाइल डेटावर तेच काम 50 दिवसांचं. ब्रॉडबँडच्या जाहिरातीतला वेग डाउनलोडचा असतो, अपलोड वेगळा मोजून बघा.

सांजवात

ज्येष्ठांच्या खात्यांबद्दल लिहिते. फोटो जाण्यापेक्षा खातंच हातातून जाणं वाईट, आणि ते फार साध्या कारणाने होतं: रिकव्हरीला, म्हणजे अडलेलं खातं परत मिळवायला, दिलेला नंबर बंद पडलेला असतो. रिचार्ज थांबला की काही काळाने तो नंबर कंपनी दुसऱ्याला देते. मग ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे.

खातं लावतानाच दोन रिकव्हरी मार्ग द्या: त्यांचा स्वतःचा नंबर, आणि रिकव्हरी ईमेल म्हणून मुलाचा किंवा मुलीचा पत्ता. टू-स्टेप (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) चालू केल्यावर गूगल आठ आकडी 10 बॅकअप कोड देतं. ते कागदावर छापून रेशनकार्ड, एलआयसीच्या पॉलिसी ठेवतात त्याच फाइलमध्ये ठेवा. प्रत्येक कोड एकदाच चालतो. वापरला की खोडा. कोडांचा फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवू नका, फोन हरवला की कोडही हरवले. अ‍ॅपलमध्ये 'रिकव्हरी कॉन्टॅक्ट' नेमता येतो, घरातला दुसरा आयफोनवाला त्यासाठी उत्तम.

गूगल दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकू शकतं. दिवंगत माणसाच्या खात्यात घरच्यांचे कितीतरी फोटो असतात. त्यासाठी 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' हयातीतच भरून ठेवावा: किती महिने शांतता असली की कुणाला कळवायचं, आणि त्यांना फोटो उतरवून घेता यावेत का. मुदत 3 ते 18 महिन्यांत निवडता येते. अ‍ॅपलकडे यासाठी 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे. त्याची अ‍ॅक्सेस की छापून त्याच फाइलमध्ये लावा. आईवडिलांशी हे बोलणं जड जातं, पण बोला.

आणखी एक, योजनेचे पैसे ज्याच्या कार्डावरून किंवा यूपीआय ऑटोपेवरून जातात त्याचं मँडेट बंद पडलं तर सगळ्या ग्रुपची जागा जाते. वार्षिक योजना असेल तर नूतनीकरणाची तारीख घरातल्या दोघांच्या कॅलेंडरमध्ये हवी.

खडीसाखर

सांजवात, आडवाट, खूप आभार. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप 9 जीबी निघाला! व्हिडिओ बंद केले.

रानजाई

दर महिन्याला पैसे भरण्यापेक्षा घरीच काही लावता येईल का? घरच्या मशीनवर चालणाऱ्या इमिच या फोटो-प्रोग्रॅमचं नाव ऐकलंय.

आडवाट

येतं, आणि इमिच खरंच चांगलं आहे. फोनचं अ‍ॅप, चेहरे ओळखणं, प्रत्येकाचं वेगळं खातं, शेअर्ड अल्बम, सगळं आहे. 8 जीबी रॅमचा जुना लॅपटॉप किंवा मिनी पीसी, डॉकर (असे प्रोग्रॅम चालवायचं साधन), आणि दोन डिस्क एवढं लागतं. पण मासिक पैसे वाचतात म्हणून याकडे वळू नका. घरातल्या एका माणसाने ते सतत सांभाळायची तयारी हवी, आणि तो माणूस गावाला गेला की बाकीच्यांचं अडतं.

तीन ठिकाणी लोक अडकतात. एक, बाहेरून पोचणं. आपल्याकडच्या बऱ्याच इंटरनेट जोडण्या सीजीनॅटच्या मागे असतात. म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे राउटरवर पोर्ट कितीही उघडलं तरी बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. टेलस्केल (आपल्याच उपकरणांना खासगी वाटेने जोडणारा प्रोग्रॅम) लावलं की हा प्रश्न सुटतो आणि पोर्ट उघडायची जोखीमही टळते. दोन, वीज. अचानक दिवे गेले की डेटाबेस बिघडू शकतो. मशीन आणि राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवा. तीन, बॅकअप. फोटोंचा फोल्डर नुसता कॉपी केला तर फोटो मिळतील, पण अल्बम, चेहरे, कोण कुणाचं हे सगळं पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असतं. दोन्हींची प्रत हवी, आणि ती दुसऱ्या घरात.

सांगलीच्या घरात मशीन ठेवून न्यू जर्सीतून सांभाळायचा विचार असेल तर मी नकोच म्हणेन.

मीटरगेज

सहमत. याउलट घरात नियमित ऑफिसची कागदपत्रंही लागत असतील तर मायक्रोसॉफ्ट 365 फॅमिलीचा हिशेब करून बघा: सहा जण, प्रत्येकाला स्वतंत्र 1 टीबी. फोटो बघायला त्यातलं वनड्राइव्ह गूगलइतकं सुटसुटीत नाही, पण साठवणीला ठीक.

रानजाई

पटलं, घरचं मशीन नको. शेवटचं विचारते: गूगलमधले सगळे फोटो वर्षातून एकदा हार्ड डिस्कवर उतरवायचे आहेत. एकेक निवडून उतरवणं अशक्य.

चिंचगूळ

गूगलचं टेकआउट वापरा, खात्यातलं सगळं एकदम उतरवायची ती सोय आहे. आधी 'डीसिलेक्ट ऑल', मग फक्त गूगल फोटोज. झिपचा आकार आपणहून 2 जीबी असतो, तो 50 जीबी करा, नाहीतर शेकडो तुकडे होतात. लिंक साधारण आठवडाभर चालते, तेव्हा रविवार मोकळा असेल तेव्हाच मागवा.

उतरवलेल्या फोटोंसोबत जेसन फाइली येतात. त्या कचरा समजून पुसू नका. गूगलमध्ये तुम्ही हाताने दुरुस्त केलेली तारीख, वर्णन, ठिकाण हे त्या फाइलीत असतं, फोटोत नसतं. जुने स्कॅन केलेले फोटो असतील तर त्यांची तारीख फक्त तिथेच सापडेल.

आरक्लोन या प्रोग्रॅमने फोटो उतरवायचे जुने लेख नेटवर अजून दिसतात. मार्च 2025 अखेर गूगलने ती वाट बंद केली, आता बाहेरच्या अ‍ॅपला फक्त त्याने स्वतः चढवलेले फोटोच दिसतात. त्यात वेळ घालवू नका.

आयफोनचे फोटो केबलने विंडोजवर घेताना मध्येच 'डिव्हाइस इज नॉट फंक्शनिंग' अशी चूक आली तर केबल बदलण्याआधी फोनच्या फोटोज सेटिंगमध्ये 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' खाली 'कीप ओरिजिनल्स' करा. फोन जाता जाता हीकचं (आयफोनचा फोटो-फॉरमॅट) जेपेग करायला बघतो आणि तिथे अडतो. ऑप्टिमाइझ चालू असेल तर केबलने सगळे मूळ फोटो मिळणारच नाहीत, कारण ते फोनवर नसतात. ते आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून घ्या, एका वेळी 1,000.

डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालते. फॅट32 नको, 4 जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही आणि लांब व्हिडिओ तिथेच अडतात.

सांजवात

टीव्हीचं राहिलं. जुन्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावून फोटो दाखवायचे असतील तर हीक दिसत नाहीत, जेपेग करून न्या. व्हिडिओचा आवाज येतो पण चित्र काळं, असं झालं तर तो एचईव्हीसी (फाइल लहान करणारा व्हिडिओ-फॉरमॅट) आहे आणि टीव्हीला तो उलगडता येत नाही. पुढच्यासाठी आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅट 'मोस्ट कम्पॅटिबल' करा; फाइल मोठी होते, पण कुठेही चालते. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर असतील तर फोटोजमधून कास्ट करणं सर्वांत सोपं. राउटरच्या 'गेस्ट' नेटवर्कवर टीव्ही असेल तर मात्र तो फोनला दिसत नाही, आधी ते तपासा.

मीटरगेज

डिस्कबद्दल एवढंच जोडतो: झिप तसेच ठेवू नका. सगळे उघडा, आणि दरवर्षातले चार-दोन फोटो व एखादा मोठा व्हिडिओ उघडून बघा. अर्धवट उतरलेला झिप नावाने पूर्ण दिसतो, उघडतानाच कळतो. लिंकची मुदत संपायच्या आत हे झालं तर तेवढाच तुकडा पुन्हा उतरवता येतो.